अडीच वाजता, खुर्चीत

'फिनिश शिकवले जाईल' अशी पाटी आमच्या फाटकावर लावली आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ दिवाणाचा पाय घेऊन आले. सागवानी दिवाणाचा सुटलेला पाय काखेत धरून ते पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅट करता की ग्लॉसी?"

मी म्हटलं, "अहो, फिनिश ही भाषा आहे."

त्यांनी पाय या काखेतून त्या काखेत घेतला, मागे जाऊन पाटी पुन्हा वाचली, आणि परत येऊन फार सहानुभूतीनं विचारलं, "कोण बोलतं ती?"

त्यांना बसवून चहा दिला. जाताना म्हणाले, "वहिनी, त्यापेक्षा पॉलिशचं काम सुरू करा. रत्नागिरीत चांगला माणूस मिळत नाही."

माझं नाव सुलभा. नाव सुलभा आणि शिकवते फिनिश. आमचे हे म्हणतात, दोन्हींतलं नाव बदलणं सोपं आहे.

ही भाषा मी कुठल्या विद्यापीठात शिकले असा कोणाचा समज असेल तर आधी तो काढून टाकते. लग्नानंतर काही वर्षांनी ह्यांना फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या गावी मोबाईलच्या कंपनीत नोकरी लागली. ते कंपनीत इंग्रजीत बोलायचे. मी घरात भिंतीशी मराठीत बोलायचे. शेवटी भिंतीला कंटाळा आला असावा, म्हणून मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. माझी फिनिश तिथली आहे. 'बटाटे उकडले का', 'रांग कुठवर आली', 'ट्रे उलटे ठेवू नकोस', 'सूपमध्ये तुझी बाही बुडतेय' ही वाक्यं मी झोपेत बोलते. राजकारण, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांतलं मला एक अक्षर येत नाही. पुढे कंपनी आटली, ह्यांची नोकरी गेली आणि आम्ही रत्नागिरीला सासऱ्यांच्या कलमांत परत आलो. हे आंब्यांवर फवारणी करायला लागले. माझ्या बटाट्यांच्या फिनिशला इथे काहीच काम नव्हतं.

मग एक दिवस श्रावणी आली. पालीची मुलगी, इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. फिनलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला माणसं हवी आहेत, मुंबईची एजन्सी नर्सेस पाठवते, पण आधी भाषेची परीक्षा द्यावी लागते, असं तिनं एका दमात सांगितलं.

"मॅडम, तुम्ही तिथं राहून आल्यात. शिकवा आम्हांला."

"अगं, मला फक्त स्वयंपाकघरातली येते."

"मग आम्हांला काय तिथं भाषणं करायचीत? म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं."

मुद्दा बिनतोड होता. पडवीत फळा टांगला आणि वर्ग सुरू झाला.

आता हा धंदा काय आहे ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. नवशिक्याला फिनिशमध्ये पहिल्यांदा काय लागतं, तर कुठे आणि कधी. घरात, घरातून, टेबलावर, टेबलावरून, सोमवारी, तीन वाजता. माझ्या मते माणसाचं निम्मं आयुष्य एवढ्यावर निभतं. इंग्रजी माणूस यासाठी शब्दाच्या आधी छोटे छोटे शब्द लावतो. फिनिश माणूस आपल्यासारखा शब्दाच्या शेवटी शेपूट लावतो. त्यामुळे मराठी माणसाला फिनिश सोपी जाईल, असं मी पहिल्या दिवशी छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी छाती ठोकणं बंद केलं.

कारण असं की आपण म्हणतो 'मी घरात आहे' आणि 'मी घरात जाते'. दोन्हीकडे 'त'. फिनिश माणसाला हे चालत नाही. आत असणं वेगळं, आत जाणं वेगळं, आतून येणं वेगळं. प्रत्येकाला स्वतंत्र शेपूट. आणि 'वर'चंही तसंच, वर असणं, वर जाणं, वरून येणं. म्हणजे आपण जिथे एका 'त'वर भागवतो तिथे त्यांना दोन लागतात.

हे शिकवायला मी लाडवांचा डबा आणला. डब्याला तिकडे 'पुर्क्की' म्हणतात. लाडू डब्यात आहे, 'पुर्किस्सा'. लाडू डब्यातून काढला, 'पुर्किस्ता'. लाडू डब्यात टाकला, 'पुर्क्कीन'. प्रात्यक्षिक फार रंगलं. आठवड्याभरात 'पुर्किस्ता' सगळ्या मुलींना उत्तम यायला लागलं. 'पुर्क्कीन' कोणालाच येईना, कारण एकदा काढलेला लाडू परत डब्यात कोणी टाकलाच नाही.

गावांच्या नावांचं आणखी निराळं. काही गावांना 'आत'चं शेपूट आणि काहींना 'वर'चं. का, याला नियम नाही. तिथली माणसं म्हणतात म्हणून. श्रावणी वैतागली.

"मॅडम, ही काय भाषा झाली? एका गावात राहायचं आणि दुसऱ्या गावावर राहायचं?"

मी तिला विचारलं, "तू आत्ता कुठे राहतेस?"

"रत्नागिरीत."

"आणि आईवडील?"

"पालीला." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "आईशप्पथ. मुंबईत म्हणतो, चिपळूणला म्हणतो. हे आपल्याला कोणी शिकवलं?"

कोणीच नाही, म्हणून तर येतं. मी गंभीर चेहरा करून 'हेच मला सांगायचं होतं' असं म्हटलं. खरं तर ते मला त्याच क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं होतं. शिक्षकाचा निम्मा पेशा हा असा चेहऱ्यावर चालतो.

वेळेचा धडा मात्र मी फार आत्मविश्वासानं शिकवत असे, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटले होते. ओउलूला पहिल्या वर्षी माझी दाढ दुखत होती. दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर वेळ दिली, 'पुओली कोल्मे'. 'पुओली' म्हणजे अर्धा, 'कोल्मे' म्हणजे तीन. तीन आणि अर्धा, साडेतीन. मी सव्वातीनलाच जाऊन बसले, वेळेआधी आले म्हणून स्वतःवर खूश. बाई म्हणाल्या, तुमची वेळ पाऊण तासापूर्वीच गेली. फिनिशमध्ये अर्धा तीन म्हणजे तिसऱ्या तासाचा अर्धा, म्हणजे अडीच. घरी आले ती सुजलेला गाल धरून चरफडत, हे कसले लोक, अर्धा तीन म्हणजे अडीच कसं होईल? आणि एकदम शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. त्यांनी सांगितलं होतं, अडीच हा शब्द 'अर्धा तिसरा' अशा अर्थाच्या शब्दावरूनच झिजून आलाय. म्हणजे माझीच माणसं तेच म्हणत होती. फक्त मला ऐकू येत नव्हतं. दाढ आणखी आठवडाभर ठणकली, पण तो धडा पक्का झाला.

तर आमचा वर्ग असा चालला होता. एका हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी, संध्याकाळी मी वांगी चिरत होते आणि श्रावणीचा हॉस्पिटलातून फोन आला.

"मॅडम, लगेच या. फिनलंडचे पेशंट आलेत."

मला वाटलं, पोरगी सराव करतेय. मी फिनिशमध्ये म्हटलं, "पेशंट कुठे आहे?"

"मॅडम, सराव नाही हो हा! खरे आलेत! आजोबांना अर्धांगाचा झटका आलाय, बोलता येत नाहीये. आजी बोलतायत ते कोणाला कळत नाहीये. मला एवढंच कळतंय की ती फिनिश आहे. डॉक्टर म्हणतात, कोणाला तरी बोलवा."

ह्यांनी स्कूटर काढली. वाटेत मी मनात शब्द आठवत होते. उलथणं, झारा, सोललेला बटाटा, न सोललेला बटाटा. हॉस्पिटल आलं तरी मी बटाट्यांपुढे सरकले नव्हते.

व्हरांड्यात राजन भेटला. भाट्याच्या पुढे समुद्राकाठी त्यानं घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत, ह्यांच्या ओळखीचा. त्याच्याकडेच हे जोडपं उतरलं होतं. आजोबांचं नाव वेइक्को, आजींचं एइला. दर हिवाळ्यात गोव्याला यायचे, यंदा गोव्याच्या गर्दीला कंटाळून रेल्वेनं वर सरकले होते. आजोबा जहाजावर होते, त्यांना इंग्रजी यायचं. आजींना फिनिशखेरीज काही येत नव्हतं. आता ज्याला इंग्रजी येत होतं तो गप्प झाला होता आणि जी बोलत होती तिचं कोणाला कळत नव्हतं.

राजन रडकुंडीला आला होता. "वहिनी, मी बाजारात गेलेलो हो. पाच वाजता आलो तर ही बाय त्यांच्या तोंडावर ओला टॉवेल फिरवत्येय. मला वाटलं ऊन लागलं. उठवायला गेलो तर उजवा हात लुळा. तसाच गाडीत घातला नि आणला."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बसूसुद्धा दिलं नाही. "तुम्ही दुभाष्या? ऐका. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतर दिलं तर फायद्यापेक्षा धोका जास्त. यांना साडेतीनला झालं, म्हणजे आठपर्यंत वेळ आहे. इंजेक्शननं रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून घरच्यांची संमती हवी. मुलगी तिकडे आहे, फोन उचलत नाहीये. अर्धा तास वाट बघतो. तोवर तुम्ही यांच्याकडून दोन गोष्टी काढा. हे पडले का, डोक्याला मार लागला का. आणि बीपीची वगैरे औषधं काय घेतात."

सव्वासहा होऊन गेले होते.

एइलाआजी खाटेपाशी उभ्या होत्या. उंच, पांढरे आखूड केस, हातात अजून तो ओला टॉवेल. मी जवळ जाऊन फिनिशमध्ये नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खिडकीतल्या कावळ्यानं त्यांना नावानं हाक मारली. मग त्यांनी माझं मनगट धरलं. ते त्यांनी पुढचा अर्धा तास सोडलं नाही.

मी विचारलं, ते पडले का?

"नाही. तुओलिस्सा."

'तुओली' म्हणजे खुर्ची. फिनिश माणूस साध्या खुर्चीवर बसतो तेव्हा 'तुओलिल्ला' म्हणतो, खुर्चीवर. हातांच्या, खोलगट खुर्चीत रुतून बसतो तेव्हा 'तुओलिस्सा', खुर्चीत. आपणही असंच म्हणतो की. मी राजनला विचारलं, "तुझ्याकडे हातांची खुर्ची आहे?"

"आहे ना, वेताची आरामखुर्ची. पडवीत. त्यातच होते."

"डॉक्टर, पडले नाहीत. आरामखुर्चीत रेलून बसले होते, त्यातून उठलेच नाहीत."

डॉक्टरांनी मान डोलावली. औषधांचंही निभलं, आजींच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती. माझं काम झालं होतं. खरं तर मी निघायला हरकत नव्हती. पण मनगट सुटत नव्हतं आणि आजी बोलत होत्या, भराभर, आपल्याशीच बोलल्यासारख्या. कॉफी घेत होते, पेला हातातून पडला, मी रागावले त्यांच्यावर, पुओली कोल्मेल्ता, मी उगाच रागावले.

पुओली कोल्मेल्ता. माझी दाढ ठणकली. खरंच, जिथे दाढ होती तिथे.

"राजन, साडेतीन तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. विचारलं तर तीन बोटं दाखवलीन, नि हात असा अर्धा कापलान. मोबाईलवर बोलायला लावलं, तर मोबाईल पण म्हणाला हाफ थ्री. साडेतीनच ना?"

मला आता आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी माझ्यापेक्षा अधिक खात्रीनं सांगावं असं वाटत होतं. समजा मीच चुकत असले तर? बटाट्यांवर वाढलेली माझी भाषा. मी आजींना विचारलं, बस गेली त्याआधी की नंतर? हे मला सुचलं, कारण राजनच्या फाटकासमोर तीनची एसटी उभी राहते आणि तिचा हॉर्न आख्ख्या वाडीला उठवतो.

"एन्नेन बुस्सिआ," आजी म्हणाल्या. बसच्या आधी. हॉर्न वाजला तेव्हा त्या फरशीवरची कॉफी पुसत होत्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, आणि माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, "साडेतीन नाही. अडीच."

"बाई, नक्की? यात एका तासाचा फरक आहे."

"त्यांच्या भाषेत अर्धा तीन म्हणजे अडीचच. आपल्यासारखं."

"आपल्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे अर्धा तिसरा. अडीच. ते जाऊ द्या, व्याकरण नंतर सांगते. तीनची एसटी गेली त्याआधी झालंय."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठची मर्यादा सातवर आली होती आणि साडेसहा व्हायला आले होते. "मग मुलीची वाट बघता येणार नाही. यांनाच विचारा. आत्ता. धोका नीट सांगा, मेंदूत रक्त येऊ शकतं म्हणून."

आता मराठीत हे वाक्य केवढं साधं आहे बघा. मेंदूत रक्त येऊ शकतं. मी सरळ मेंदूला ते शेपूट लावलं, आत असण्याचं, आणि आजींना म्हटलं की औषध, रक्त, मेंदूत आहे.

आजींचा चेहरा पांढरा फटक पडला. त्या खाटेच्या काठावर बसल्याच.

त्यांना कळलं होतं की रक्तस्राव झालाय, सगळं संपलंय. ज्या एका 'त'वरून मी पोरींना महिनोन्महिने छळलं, तोच मी चुकवला होता. माझ्या मागून श्रावणी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पुर्क्कीन! पुर्क्कीन!"

आत जाण्याचं शेपूट. मी मोकळा हात हलवून नाही नाही म्हटलं. रक्त आत्ता आत नाही. औषध दिलं तर कदाचित आत येईल. बहुतेक येणार नाही. औषध दिलं नाही तर हात आणि बोलणं परत येणं कठीण. हे सगळं मी शाळेतल्या पाच वर्षांच्या पोराला सूप गरम आहे असं सांगावं त्या भाषेत सांगितलं, कारण दुसरी मला येतच नाही. आजी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी वेइक्कोआजोबांकडे बघितलं. आजोबांनी डावा हात जरासा उचलला.

"अंताका," आजी म्हणाल्या. द्या.

पावणेसातला इंजेक्शन सुरू झालं.

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला हसू यायला लागलं, थांबेचना. हे घाबरले. पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "अहो, वांगी चिरून तशीच राहिली." मग रडले.

आजोबा वाचले. उजवा पाय लवकर सावरला, हात हळूहळू सुधारत गेला, पण चमचा नीट धरण्याइतका काही झाला नाही. मला अजून वाटतं, राजन पाचऐवजी चारला आला असता तर. आजींना इंग्रजीचे चार शब्द येत असते तर. हे असले 'तर' मोजत बसू नये म्हणतात, पण हे शहाणपण ज्यांना येतं त्यांना रात्री झोपही येत असावी.

दुसऱ्या दिवशी श्रावणीची ड्यूटी संपताना तिनं आजींना आपल्या फिनिशमध्ये निरोप दिला. तिला म्हणायचं होतं, 'उद्या सकाळी भेटते.' त्यात 'तापान' म्हणजे भेटते. पण 'पा' जरा आखूड झाला की होतं 'तापन', आणि त्याचा अर्थ ठार मारते. तर आमच्या श्रावणीनं पांढऱ्या गणवेशात, हातात सिरिंजचा ट्रे घेऊन, गोड हसून आजींना सांगितलं, "उद्या सकाळी तुम्हांला ठार मारते." आजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग ट्रेकडे, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. मला त्यांनी विचारलं, या मुलीला कोणी शिकवलं? मी म्हटलं, एजन्सीवाल्यांनी.

बोलणं मात्र आजोबांचं परत आलं नव्हतं. सगळं कळायचं, शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथून मागे फिरायचा. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवासाला अजून अवकाश आहे, तोवर यांच्याशी यांच्या भाषेत बोलत राहा, सोपं, पुन्हा पुन्हा. आजी म्हणाल्या, आम्ही पन्नास वर्षांत कधी फारसं बोललोच नाही, आता काय बोलू?

सोपं आणि पुन्हा पुन्हा म्हणजे आमचा वर्ग. राजन दोघांना गाडीतून आणून सोडायला लागला.

आता आमच्या पडवीतलं दृश्य असं. फळ्यावर मी, समोर चटईवर मुली, आणि कडेला खुर्चीत एक फिनिश गृहस्थ फिनिश शिकतायत. हे म्हणाले, पाटीवर लिहा, 'खुद्द फिनिश माणसं आमच्याकडे फिनिश शिकतात.' मी लिहिणारही होते. पण आजी बसल्या होत्या ना शेजारी. त्या माझी प्रत्येक चूक काढायच्या. स्वर आखूड झाला, जोडाक्षर निसटलं, हा शब्द अख्ख्या देशात कोणी वापरत नाही. शब्द कुठून आणलात म्हणून विचारलं तर मी म्हणायचे, स्वयंपाकघरातून. मुली खूश. इतक्या महिन्यांनी त्यांना कळलं होतं की मॅडमनासुद्धा कोणी तरी आहे.

आजोबा काही बोलायचे नाहीत, फळ्याकडे बघत बसायचे. एक दिवस श्रावणीनं डबा फिरवला आणि सवयीनं त्यांनाही विचारलं, "मिस्सॅ लाडू ओन?" लाडू कुठे आहे? मी तिला डोळ्यांनी दटावलं, उगाच त्यांना कशाला. आजोबांनी डाव्या हातानं लाडू घेतला, अख्खा तोंडात कोंबला, चावला, गिळायच्या आधी थांबले, आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "सूस्सा."

तोंडात.

अचूक शेपूट. आणि विनोद. मुलींनी टाळ्या पिटल्या. आजी उठून विहिरीकडे बघायला गेल्या, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर रोज एखादा शब्द यायला लागला. सगळे कुठे आणि कधीचे. झाडावर. पिशवीत. सकाळी. समुद्राकडून. आमच्याकडे तेवढंच शिकवतात, त्यामुळे त्यांना तेवढंच परत मिळालं. कधी कधी शेपूट चुकायचं, मग श्रावणी त्यांना सुधारायची आणि श्रावणीला आजी सुधारायच्या. मला आता कोणी विचारत नव्हतं. मी चहा करायचे.

मार्चच्या मध्यावर डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली. मुलगी त्यांना न्यायला मुंबईपर्यंत येणार होती. शेवटच्या दिवशी वर्गात सगळ्यांनी त्यांना एकेक प्रश्न विचारायचा, असं ठरलं. तुम्ही कुठे बसलाय? खुर्चीत. समुद्र कुठे आहे? तिकडे, घराच्या मागे. कधी निघणार? उद्या. सगळं बरोबर. श्रावणी सर्वांत शेवटी उभी राहिली. महिन्याभरानं तिची परीक्षा होती, तिचा आवाज आता अगदी तिकडच्यासारखा लागायचा.

"मिन्ने ते मेनेत्ते?" तुम्ही कुठे चाललात?

याचं उत्तर मुलींना पाठ होतं, 'कोतीन'. घरी. घर या शब्दाची शेपटं जरा आडमुठी आहेत, म्हणून आदल्याच आठवड्यात घोकून घेतली होती.

आजोबांनी वेळ घेतला. पडवीकडे बघितलं, मुलींकडे, माझ्याकडे, चहाच्या कपांकडे. मग सावकाश, एकेक अक्षर लावून म्हणाले, "कोतोआ."

घरून.

श्रावणी प्रामाणिक मुलगी. ती माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, चुकलं ना? कोतीन पाहिजे. कोतोआ म्हणजे घरातून निघालो."

मी एइलाआजींकडे बघितलं. माझा एकही आखूड स्वर त्यांनी आजवर माफ केला नव्हता. आजींनी आजोबांच्या मांडीवरचा तो उजवा हात आपल्या हातात घेतला आणि श्रावणीला म्हणाल्या, "ओइकेइन."

बरोबर आहे.

फळ्यावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी पाठ फिरवून कितीतरी वेळ डस्टर शोधत राहिले.